मुलांच्या आवाजाच्या तबकड्या घरीच कोरायच्या आहेत, कोणतं यंत्र घ्यावं?

वाचनालयवाली_बडोदा

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात रावपुऱ्याजवळच्या एका लहान मराठी वाचनालयात बालविभाग सांभाळते. मे महिन्यात आठ ते बारा वर्षांच्या मुलांचं वाचन-शिबिर असतं. आमची मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी शिकतात, आणि मराठी पुस्तक हातात दिलं की शिरोरेखा बघूनच दबकतात. मोठ्यानं वाचलं की भीती जाते, हे मी दरवर्षी बघते. पण मोठ्यानं वाचायला मुलांना काहीतरी निमित्त लागतं.

यंदा असं ठरवतेय की प्रत्येकानं एक कविता किंवा छोटा उतारा तयार करायचा, आणि शिबिराच्या शेवटी स्वतःच्या आवाजाची तबकडी घेऊन घरी जायचं. मोबाईलवर रेकॉर्डिंग होतंच, ते दुसऱ्या दिवशी कुणी उघडत नाही. तबकडीवरची खाच भिंगातून दिसते, बोटाला लागते. आपला आवाज म्हणजे एक आकार आहे, हे मुलांनी डोळ्यांनी बघावं अशी माझी फार इच्छा आहे.

घरच्या घरी रेकॉर्ड कोरायची छोटी यंत्रं मिळतात असं वाचलं. मुलं पंधरा-सोळा असतील. खर्च पंचवीस-तीस हजारांच्या आत बसवायचा आहे. अशा यंत्रावर आवाज समजण्याइतका स्पष्ट येतो का? कोऱ्या तबकड्या इथे मिळतील का, की प्रत्येक वेळी परदेशातून मागवायच्या? आणि मुलं आजूबाजूला असताना हे काम सुरक्षित आहे का? वाचनालयात भेट आलेला एक सुटकेससारखा जुना रेकॉर्ड प्लेयर आहे, तो चालतो.

ध्वनिवेडा_इंदूर

ताई, कल्पना फार आवडली. माझ्याकडे टीनएज इंजिनिअरिंग या कंपनीचं पीओ-८० नावाचं रेकॉर्ड कोरायचं छोटं यंत्र आहे, त्याचा अनुभव सांगतो. २०२२ साली हे यंत्र आलं तेव्हा किंमत १४९ डॉलर होती. त्यावर आपल्याकडे पाठवणावळ आणि कस्टम धरा. मूळ कल्पना जपानची: तिथल्या गाक्केन या प्रकाशनसंस्थेनं युरी सुझुकी या डिझायनरकडून २०२० मध्ये असंच खेळण्यातलं रेकॉर्ड-यंत्र करून घेतलं होतं. ते स्वतः जोडायचं असतं, एक हात कोरण्यासाठी आणि एक हात वाजवण्यासाठी. मोबाईलची ऑडिओ वायर लावायची, यूएसबीवर चालतं. पाच इंची तबकडीवर ३३च्या गतीला (म्हणजे मिनिटाला ३३ फेरे) साधारण चार मिनिटं, ४५ला तीन मिनिटं. आवाज मोनो.

बोललेलं चांगलं समजतं. गाण्यात तंबोरा किंवा पेटी असली की सूर पाण्यावर तरंगल्यासारखा हलतो. मी माझ्या भाच्याचं पाढे म्हणणं कोरलं, ते मस्त आलं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. तबकडी रिअल टाइममध्येच कोरली जाते, दोन मिनिटांच्या उताऱ्याला दोन मिनिटं लागणारच. शिवाय आधीची मांडणी, कोरताना निघणारा प्लास्टिकचा कचरा साफ करणं, एकदा ऐकून बघणं. पंधरा मुलांना अख्खी सकाळ जाईल. आणि तुमच्या जुन्या प्लेयरला आपोआप थांबण्याची सोय असेल तर पाच इंची तबकडी त्यावर अवघड. रेकॉर्ड संपली असं समजून हात उचलला जातो.

याहून मोठी यंत्रंही आहेत, पण ती तुमच्या खर्चात बसणार नाहीत. जर्मनीत टी-५६० नावाचं यंत्र मिळतं, ते टेक्निक्सच्या १२०० टर्नटेबलवर बसतं. त्याची किंमत वेगळ्याच पातळीवरची.

कातारी_मकरपुरा

ताई, मी बडोद्याचाच. मकरपुरा जीआयडीसीत टूलरूममध्ये आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. धातूवर फेऱ्या काढता काढता प्लास्टिकवर काढायचा नाद लागला आणि घरी एक रेकॉर्ड कोरायचं यंत्र बांधलं. वर इंदूरच्या भाऊंनी सांगितलं ते बरोबर आहे. पण यंत्र कोणतं हा प्रश्न नंतरचा. तबकडी किती मोठी आणि किती जोरात फिरते, यावर पुढचं सगळं ठरतं. ते आधी सांगतो.

नेहमीची बारा इंची एलपी ३३ च्या गतीनं फिरते. बाहेरच्या फेऱ्यात पिनखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, अगदी आतल्या फेऱ्यात २१. म्हणून एलपीच्या शेवटच्या गाण्यात स-श फाटतात, हे जुन्या ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे. आता पाच इंची तबकडी घ्या. तिचा पहिलाच फेरा केंद्रापासून सहा सेंटिमीटरवर, म्हणजे ३३ च्या गतीला तिथेच २१. एलपी जिथे संपते तिथे ही सुरू होते. आत चार सेंटिमीटरवर आलात की १४ उरतात. त्या वेगाला ८००० हर्ट्झची एक लाट साडेसतरा मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होते, आणि एलपीच्या साध्या पिनेच्या टोकाची गोलाई १८ मायक्रॉन. पिन त्या लाटेत उतरूच शकत नाही. मुलांच्या आवाजात तर स, श, च, छ ही अक्षरं वरच्या पट्टीत असतात. शब्द ओळखायचा तो त्यांच्यावरूनच.

फैयाझखाँसाहेब बडोद्याचे दरबारी गायक. त्यांच्या ७८ च्या रेकॉर्डी माझ्या वडिलांकडे होत्या. तीन-सव्वातीन मिनिटांत अख्खी चीज. पण दहा इंची तबकडी, ७८ ची गती: बाहेरच्या फेऱ्यात सेकंदाला जवळजवळ एक मीटर खाच. लाट लांबलचक पसरायला जागा मिळते. लाखेची तबकडी, खरखर भरपूर, तरी बोलाचा प्रत्येक शब्द स्वच्छ येतो. लहान मुलांसाठी हाच धडा उचला. उतारा एक मिनिटाचा ठेवा आणि तबकडी ७८ वर फिरवा.

आकडे बघा. एक मिनिट म्हणजे ७८ फेरे. दोन फेऱ्यांत पाव मिलिमीटर अंतर ठेवलं तर साडेएकोणीस मिलिमीटर पट्टा लागतो. हा पट्टा जुन्या सीडीवर आरामात बसतो: केंद्रापासून ५७ मिमीवर सुरू, ३७ मिमीच्या पुढेमागे शेवट. वेग सुरुवातीला ४६ आणि शेवटी ३० सेंटिमीटर. एलपीच्या शेवटच्या गाण्यापेक्षा तुमच्या मुलांचा शेवटचा शब्द चांगला येईल. अंतर मोठं ठेवल्यानं मूल अचानक ओरडलं तरी शेजारच्या खाचेत खाच घुसत नाही. पीओ-८० ला ७८ ची गती नाही, आणि तुमच्या कामासाठी ते न घेण्याचं माझ्या मते हे सर्वांत मोठं कारण.

सीडी का म्हणालो तेही सांगतो. सीडी म्हणजे १.२ मिमी जाड पॉलिकार्बोनेट. वरच्या छापील बाजूला ॲल्युमिनियमचा पातळ थर आणि त्यावर लॅकर, ती बाजू आपल्या कामाची नाही. चमकती बाजू अखंड प्लास्टिकची, तीवर खाच काढायची. घरोघरी जुन्या सीडी पडून आहेत, कोऱ्या तबकड्यांचा तुमचा प्रश्न तिथेच मिटला. डीव्हीडी आणू नका, ती दोन पातळ थर चिकटवून केलेली असते. उन्हाळ्याचाही विचार करा. विनाइल ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं, बंद गाडीच्या काचेमागे मे महिन्यात वाकडं होतं. पॉलिकार्बोनेटला मऊ पडायला दीडशेच्या जवळ जावं लागतं.

आता सुरक्षेचं. खाच दोन तऱ्हांनी होते. एक, कोरून: धारदार टूल प्लास्टिक काढून टाकतं आणि केसासारखी तार निघते. स्टुडिओतल्या लॅकरच्या, म्हणजे रोगणाचा थर दिलेल्या, तबकडीची तार नायट्रोसेल्युलोजची असते, ती ठिणगीनं भडकन पेटते, म्हणून ती पाण्यात टाकून ठेवतात. अशी तबकडी मुलांजवळ नकोच. दुसरी तऱ्हा दाबून: गोल टोकाची पिन वजनानं रुतते, प्लास्टिक बाजूला सरतं, कणकेवर बोट ओढावं तसं. तार नाही, कचरा नाही, हवा ओढणारा पंप नाही. १९४५ नंतर अमेरिकेत कचेऱ्यांमध्ये साहेबांची पत्रं टिपून घ्यायला साउंडस्क्रायबरसारखी यंत्रं होती, ती पातळ प्लास्टिकवर अशीच दाबून खाच काढत. आवाज थोडा बारीक येतो आणि फक्त मोनो जमतं, पण बोलण्यासाठी तीच पद्धत योग्य. माझं यंत्र दाबणारं आहे.

त्याची रचना साधी आहे. खाली ३३, ४५, ७८ अशा तिन्ही गतींचा डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल. वर लेथच्या क्रॉस-स्लाईडसारखी आडवी सरकणारी एक गाडी, बारीक आट्याच्या लांब स्क्रूवर. छोटी मोटर स्क्रू फिरवते आणि गाडी केंद्राकडे सरकते. एका फेऱ्यात गाडी किती सरकते, ते मोटरच्या गतीवर. गाडीवर लहान स्पीकरचं मोटरअंग, त्याला ताठ हलकी दांडी, टोकाला कार्बाइड या कठीण धातूसारख्या पदार्थाची, घासून चकचकीत केलेली पिन. स्पीकर आडवा हलतो, पिन डावी-उजवी हलते, झाली खाच. हे सगळं टूलरूममधल्या कोणत्याही माणसाला करता येईल. कष्ट लागतात ते पिनेच्या टोकाला: भिंगाखाली जराही खरवड दिसली तर तबकडीवर सरसर ऐकू येते.

भोकाकडे दुर्लक्ष करू नका. सीडीचं भोक १५ मिमी, टर्नटेबलची खुंटी सव्वासात मिमीच्या आतबाहेर. मधे डेल्रिनची बुशिंग, म्हणजे टणक प्लास्टिकची कडी, लागते आणि ती घट्ट बसली पाहिजे. पाव मिलिमीटर जरी खेळली तरी ५० मिमीच्या त्रिज्येवर सूर अर्धा टक्का वरखाली होतो. बोलताना कळत नाही, गाताना कळतं.

जुनी_पेटी

काका, सविस्तर लिहिलंत, आभार. मीसुद्धा बडोद्याचाच, दांडिया बाजारात राहतो. माझ्या मनात प्रेस्टो किंवा विल्कॉक्स-गेचं रेकॉर्डिओ, ही रेकॉर्ड कोरायची जुनी अमेरिकन यंत्रं, त्यातलं एक मागवायचं होतं. १९४० च्या आसपासची, चांगली जड यंत्रं. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून चालेल ना?

कातारी_मकरपुरा

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, फ्रीक्वेन्सी नाही. ती मोटर ६० हर्ट्झवर फिरायला केलेली आहे, आपल्याकडे ५०. म्हणजे सहाव्या हिश्शानं हळू: ७८ च्या जागी ६५, ३३ च्या जागी साधारण २८. वेगळी पुली वळून घेतली तर गती जमते, मी वळून देईन. पण त्या यंत्राला लॅकरच्या तबकड्या लागतात, आणि त्याच खऱ्या अडचणीच्या. २०२० च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. लॅकर करणारे जगात मोजकेच होते, त्यातला एक मोठा तो होता. कंपनीचा माल बंद झाला की यंत्र शोभेचं होतं. जपानच्या वेस्टॅक्सचं व्हीआरएक्स-२००० हे रेकॉर्ड कोरायचं यंत्र घेतलेल्यांनी हे बघितलं, कंपनी २०१४ मध्ये बुडाली. म्हणून मी म्हणतो, जे यंत्र बाजारात कुठेही मिळणाऱ्या प्लास्टिकवर चालतं तेच घ्यावं किंवा बांधावं.

आणखी एक, कुणी पत्रा-प्लास्टिकच्या दुकानातून शीट आणून लेझरनं गोल कापायचं म्हणेल. पीव्हीसी कधीही लेझरखाली घालू नका, क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो, माणसालाही वाईट आणि यंत्रालाही. पॉलिकार्बोनेट लेझरनं काळं पडतं. राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्याच्या यंत्रावर, कापून घ्या.

वाचनालयवाली_बडोदा

काका, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. एक मिनिटाचा उतारा हे तर मुलांसाठीही उत्तम, लांबलं की पाठ होत नाही. आता तीन शंका. रेकॉर्डिंग कसं करू? आमच्याकडे मोबाईल आणि एक साधा यूएसबी माइक आहे. दुसरं, आमच्या सुटकेस प्लेयरवर या सीडी वाजतील का? आणि तिसरं, मुलांच्या घरी प्लेयर नसतोच. मग घरी नेऊन ती काय करतील? हा प्रश्न मला सर्वांत जास्त सतावतो.

कातारी_मकरपुरा

रेकॉर्डिंग खोली बंद करून करा, पंखा बंद. मे महिन्यात कठीण आहे, पण एकेका मिनिटापुरता बंद ठेवा. माइक तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला, म्हणजे प आणि फ चे फुंकर माइकवर आदळत नाहीत. नंतर संगणकावर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये मोनो करा. १२० हर्ट्झच्या खालचं काढून टाका: मुलांच्या आवाजात तिथे काही नसतं, आणि खालच्या आवाजानं पिन फार रुंद हलते. ८००० च्या वरचंही कमी करा. स-श टोचत असतील तर ते सौम्य करणारा डी-एसर हलका लावा. सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणा. जो मुलगा कुजबुजतो त्याला परत म्हणायला लावा, यंत्रानं आवाज मोठा केला की पंख्याची घरघर पण मोठी होते.

तुमच्या प्लेयरमध्ये पिन जिथे बसते ते बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असेल. त्याचा फायदा असा की त्याला आवाज वाढवणारा वेगळा फोनो प्रीॲम्प लागत नाही. तोटा, पिनेचं खाचेवर वजन पाच-सहा ग्रॅम असतं. दाबलेली खाच कोरलेल्यापेक्षा उथळ, जड पिनेनं लवकर झिजते. पण ७८ आणि एलपी अशा दोन पिना उलटवायची सोय असेल तर एलपीची बाजू खाली ठेवा. ७८ ची पिन ७५ मायक्रॉनच्या गोलाईची, माझी खाच तिच्यासाठी फार अरुंद आहे, ती वरच घसरत राहील. गती मात्र ७८ च लावायची, यात मुलं हमखास गोंधळतात. आपोआप थांबायची सोय असेल तर ती बंद करता येते का बघा. नाही झाली तर तुम्हाला साधा हातानं ठेवायचा प्लेयर मी दाखवेन.

घरचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि तेच मला सगळ्यात आवडतं. जाड कागदाचा शंकू करा, टोकाला शिवणाची बारीक सुई चिकटपट्टीनं बसवा. सीडीतून बुशिंग लावून पेन्सिल घाला, टाचणीच्या डब्यासारख्या जड बुडात उभी करा, आणि बोटानं फिरवत सुई खाचेवर अलगद टेकवा. बोलणारं मूल शंकूतून ऐकू येतं, आवाज बारीक, गती हातानं चुकणार, एकदा भरभर एकदा जाडाभरडा. तरी आपलाच आवाज आहे हे मुलाला लगेच कळतं. ७८ ची लांब लाट असल्यामुळेच हे जमतं. सुईनं खाच खराब होते, म्हणून प्रत्येकाला दोन तबकड्या द्या: एक शंकूसाठी खेळायला, एक जपायला. कोरण्यात आणखी पंधरा मिनिटं जातील, एवढंच.

खर्चाचं काही मनात आणू नका. यंत्र घेण्याची तुम्हाला गरज नाही, माझं घेऊन येतो. बुशिंग मीच वळून आणतो. मात्र मुलांना यंत्रापाशी उभं राहू द्या, प्रत्येकाची तबकडी त्याच्यासमोर दाबली जाऊ द्या. तुम्ही त्यांना भिंग द्यालच. ते बघताना त्यांना एक सांगा: जिथे खाच जास्त वळवळते तिथे आपण जोरात बोललो, जिथे सरळ आहे तिथे श्वास घेतला.

ध्वनिवेडा_इंदूर

काका, त्या दिवशी मी इंदूरहून येऊ का? शंकू कापायला आणि सीडी पुसायला दोन हात जास्तीचे मिळतील.

कातारी_मकरपुरा

जरूर या. ताईंना आधी तारीख ठरवू द्या. ताई, पालकांकडून सीडी मागवताना सांगा की छापील बाजूला ओरखडे असले तरी चालतील, चमकत्या बाजूला नकोत. मऊ कापडानं केंद्राकडून कडेकडे पुसा, गोल फिरवून नको. दाबायच्या आधी मी फर्निचर पॉलिशचा पातळ हात देतो, त्यानं पिन अडखळत नाही. आणि चाळीसेक सीडी जमवा, दोन-चार चाचणीत जातील.